फॅन हलतोय, ग्राफ बघा!

आमच्या ऑफिसात रिपोर्टांची नोंद राहते, किश्श्यांची नाही. रिपोर्टाला नंबर असतो, फोल्डर असतो, पासवर्ड असतो. किस्से मात्र जेवणाच्या डब्यांबरोबर उघडतात आणि झाकण लागेपर्यंत आणखी दोन निघतात. परवा म्हटलं, बसून एकदा लिहून काढू. पण मला एका जागी बसवतंय कुठं! दोन ओळी लिहीपर्यंत तीनदा उठून पाणी प्यायले. दिवसभर थरथरणाऱ्या रेघा बघून टेबलाखाली आपला पायसुद्धा हलायला लागतो.

कामच तसं आहे. कोल्हापुरात शिवाजी पेठेत, तालमीच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर आम्ही तिघं: मालक प्रतापदादा, नवा इंजिनियर राहुल आणि मी. कारखान्यातल्या मशीनवर सेन्सर चिकटवायचे, मशीन किती थरथरतंय ते मोजायचं आणि त्याचे ग्राफ सॉफ्टवेअरमध्ये टाकायचे. साधे नाहीत, इंटरॅक्टिव्ह! गिऱ्हाइकानं आपल्या कॉम्प्युटरवर उघडायचे. रेघेवर माउस नेला की आकडा दिसतो, चाक फिरवलं की ग्राफ जवळ येतो, लांब जातो.

यंदाच्या हंगामात गडहिंग्लजकडच्या एका साखर कारखान्याचं काम होतं. तिथं बॉयलरचा धूर ओढणारा एक मोठा फॅन आहे. त्याचा फिरता दांडा पेलणारं दोन नंबरचं बेअरिंग आतून खराब होत चाललं होतं. ते फुटलं तर फॅनचे तुकडे उडणार, आणि फॅनपासून चार पावलांवर नेसरीचे बसाप्पामामा रोज आठ तास ड्यूटीला! हंगाम संपायला महिना होता. मला तो महिना फार मोठा वाटायला लागला.

*

कारखान्याचे चीफ इंजिनियर मगदूमसाहेब. माणूस हुशार, पण आवाज बॉयलरपेक्षा मोठा. पहिल्या दिवशी तासभर त्यांना सॉफ्टवेअर दाखवलं. त्यांनी सगळं नीट ऐकलं आणि म्हणाले, "झकास हाय. आता ह्याची प्रिंट काढून द्या. तीन कॉप्या."

"साहेब, हा स्क्रीनवर बघायचा ग्राफ आहे. इंटरॅक्टिव्ह."

"व्हय की, तोच पायजे. इंटरॅक्टिव्हचीच प्रिंट काढा, साध्याची नको!"

काढून दिली. तीही रंगीत. चार दिवसांनी फोन आला. "मॅडम, मघापासनं कागदावर बोट ठेवून बसलोय. आकडा येईना की!"

ते चेष्टा करत होते की खरंच सांगत होते, ते मला आजवर कळलेलं नाही. विचारायचं धाडसही झालेलं नाही.

*

राहुल नुकताच लागला होता तेव्हाची गोष्ट. ग्राफला ऑटोस्केल म्हणून एक सोय असते. रेघ कितीही बारीक हलू दे, सॉफ्टवेअर ती ताणून अख्खा पडदा भरून दाखवतं. म्हणून खरं माप सांगणारा डाव्या बाजूचा आकडा आधी वाचायचा. राहुलनं वाचला नाही. त्यानं पाण्याच्या एका पंपाचा ग्राफ उघडला तर समोर डोंगरच डोंगर! मला किंवा दादांना न विचारता त्यानं थेट मगदूमसाहेबांना फोन लावला.

"सर, तीन नंबरचा पंप ताबडतोब बंद करा! कुठल्याही क्षणी जाईल!"

"तीन नंबरचा?"

"हो सर! प्लीज, वेळ घालवू नका!"

"आरं बाबा, तो सोमवारपासनं बंदच हाय. खोलून वर्कशॉपात ठेवलाय."

"मग सर, एवढं थरथरतंय काय?"

"तूच थरथरायलायस! पाणी पी जरा!"

आम्ही हसून हसून बेजार झालो. पण त्याची झळ मला लागली. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा त्या फॅनबद्दल फोन करायची, तेव्हा साहेब आधी विचारायचे, "मॅडम, डाव्या बाजूचा आकडा वाचला न्हवं?" असा राग यायचा की फोन ठेवून मी गल्लीत दोन चकरा मारून यायची.

*

एक सेन्सर आम्ही टेस्टिंगसाठी ऑफिसच्या टेबलावरच ठेवलेला असतो. त्याचा ग्राफ दादा नंतरही बघू शकतात, हे आम्ही विसरलो होतो. फुटबॉलचा सीझन होता, पेठेच्या टीमची मॅच होती आणि दादा बाहेरगावी गेले होते. सोमवारी आल्या आल्या त्यांनी ग्राफ उघडला आणि एका टोकदार शिखरावर माउस नेला.

"शनिवारी चार वाजून बारा मिनिटांनी हे काय झालं?"

मी खिडकीकडं बघितलं. राहुलनं मान खाली घातली. "ट्रक गेला असंल, दादा."

"ह्या गल्लीतनं ट्रक? बुलेट वळताना दोनदा मागं घ्यावी लागते! खरं सांग."

"गोल झाला, दादा. टेबल बडवलं आम्ही."

दादांनी माउस सोडला. "कुणाचा?"

"आपला."

"मग असं तोंड पाडून का सांगतोयस?" असं म्हणून त्यांनी शिखराशेजारी कॉमेंट टाइप केली: 'कंपन समाधानकारक.' ती अजून तिथं आहे. कुणीही उघडून बघावी.

*

इकडं फॅनची रेघ दर आठवड्याला वर चढत होती. पण रोज सकाळी नऊला ती धाडकन तळाला पडायची, पाच-सात मिनिटं तिथं राहायची आणि पुन्हा वर उडी मारायची. फॅन तर चालूच! मी मिनिटामिनिटाचा ग्राफ काढून बघितला, काही उमगेना. शेवटी पहाटेची एसटी पकडली आणि नऊच्या आत फॅनजवळ जाऊन उभी राहिले.

नऊला बसाप्पामामा आले. हात धुतले. चुंबकावर बसलेला सेन्सर अलगद काढून खिशात घातला, बेअरिंगच्या खोक्याला हळदकुंकू लावलं, जास्वंदीचं फूल ठेवलं, हात जोडले आणि सेन्सर परत जागेवर बसवला.

"मामा, सेन्सर काढायचा नसतो ओ!"

"मग त्येच्यावरनंच कुक्कू लावू? मशीन बिघडंल की तुमचं."

मी समजावलं, की तुम्ही तो काढला की तिकडं ऑफिसात रेघ पडते, आम्हाला रोज नऊला दिसतं. मामांचा चेहरा एकदम खुलला. "म्हंजी पूजा येळेवर हुतीया, ही कोल्हापुरापतुर दिसतंय? आमच्या साहेबास्नी बी दावा की!"

मला हसू आलं. पण खाली लोखंडी जाळीवर माझे तळपाय झिणझिणत होते, आणि मामा तिथं उभं राहून निवांत बोलत होते. परतीच्या एसटीत मी पूर्ण वेळ दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरून होते.

*

आमच्या ग्राफवर धोक्याची एक लाल रेघ असते. मशीनची रेघ तिच्यावर गेली की स्क्रीनवर लाल दिवा लागतो. फॅनचा दिवा लागून आठवडा झाला होता. मी रोज ग्राफखाली लिहायची, 'फॅन थांबवून बेअरिंग बदला.' खाली साहेबांचं रोज तेच उत्तर यायचं, एक अंगठा!

आणि एके दिवशी सकाळी बघते तर सगळं हिरवंगार. बेअरिंग न बदलता बरं झालं कसं? आकडा तर कालच्याहून जास्त. मग लक्षात आलं, लाल रेघच वर सरकली होती! ती माउसनं ओढता येते हे मीच पहिल्या दिवशी मोठ्या कौतुकानं त्यांना दाखवलं होतं. हात चावून घ्यावा असं वाटलं. फोन केला.

"साहेब, लाल रेघ तुम्ही हलवलीत?"

"व्हय. लईच खाली बांधली हुती तुम्ही. जरा सैल केली."

"साहेब, तो पायजम्याचा नाडा आहे का?"

हे मी खरोखर बोलले. दादांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि पुढची दहा मिनिटं ते साहेबांशी गोड बोलत होते.

*

हंगामाचे नऊ दिवस राहिले, तेव्हा दादा, राहुल आणि मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बसलो. बसलो म्हणजे ते दोघं बसले, मी उभी. समोर फॅनचा ग्राफ लाइव्ह चालू होता, अगदी चढावर. साहेबांनी माउस ओढून घेतला, चाक फिरवत फिरवत अख्खा हंगाम पडद्यावर आणला. चढाचं एवढंसं टेंगूळ झालं.

"आता बघा. कुठं काय हाय?"

"साहेब, ग्राफ लांब गेला. फॅन तिथंच आहे!"

"मॅडम, फॅन थांबला की बॉयलर थांबला, गाळप थांबलं. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग बघितलासा? त्या लोकांच्या शिव्या कोण खाणार, तुमचा ग्राफ?" त्यांचंही खोटं नव्हतं. मग ते दाराकडं बघून ओरडले, "बसाप्पाला बोलवा रे!"

मामा टॉवेलला हात पुसत आले.

"बसाप्पा, तू सांग ह्यास्नी. नऊ दिवस चालंल का न्हाय फॅन?"

मामांनी विचार केला. "चालंल की साहेब. तेवढं नऊ दिस माझ्या जागंवर तुमी बसा."

साहेबांचे कान लाल झाले. "बसतो! त्यात काय हाय?" असं म्हणत ते खुर्ची मागं सारून तरातरा निघून गेले. मामा त्यांच्या मागोमाग.

आम्ही स्क्रीनसमोर राहिलो. राहुल आकडे मोठ्यानं वाचत होता. मी खिडकी ते दार, दार ते खिडकी करत होते. दादा दोनदा म्हणाले, "अगं, बस की!" सातव्या मिनिटाला रेघ वाकली. धाडकन पडली नाही, उतरत गेली, उतरत गेली आणि तळाला टेकली. राहुल खुर्चीतून उठला. फोन वाजला नव्हता, कुणाचा निरोप आला नव्हता. आम्ही तिघंही पळत सुटलो.

फॅन बंद केलेला होता. साहेब मामांच्या स्टुलावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, शर्ट घामानं चिकटलेला. मामा पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभे. साहेब पाणी प्यायले, त्यांनी तोंड पुसलं आणि ते एवढ्या हळू आवाजात बोलले की मला पुढं वाकावं लागलं.

"बसाप्पा, तुम्ही मला आधी का सांगितलं न्हाई?"

"चारदा सांगितलं की, साहेब." मामांनी साहेबांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तवा तुमी समदी ग्राफ बगत हुता."