धावपट्टीच्या त्या टोकाला संगीता

गेल्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही नवरा-बायको एका धावपट्टीवर उभे होतो. विमानात बसायला नाही... माझी शंभर सीसीची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल पळवायला.

आपल्याच जिल्ह्यात एक खासगी धावपट्टी आहे, फारशी वापरात नसलेली. वर्षातून एक दिवस काही हौशी मंडळी ती भाड्याने घेतात. एक किलोमीटर सरळ पळायचं, शेवटी सेन्सरचे दोन खांब, त्यांच्यामधून जाताना जो स्पीड लागेल तो तुमचा. माणशी दोन बाऱ्या. बक्षीस वगैरे काही नाही, एक कागद मिळतो.

मी देवळाली प्रवऱ्याचा, नोकरी नागापूर एमआयडीसीत, टर्नर. इंजिनचं काम मी स्वतःच करतो, त्यामुळे ते स्वस्तात पडतं. बाकीचं नाही. एन्ट्री फी, पुण्याहून भाड्याने आणलेला लेदर सूट, एवढ्या स्पीडला टिकणारे टायर, अँब्युलन्सची वर्गणी, गाडी न्यायला शेजारच्या बाळूभाऊंची पिकअप... दिवाळीचा अख्खा बोनस यात जातो. आणि पळायचं किती, तर एका बारीला चाळीस सेकंद!

तीन वर्षं गाडी ताशी एकशे अडतीस किलोमीटरच्या पुढे सरकत नव्हती. मला एकशे चाळीस हवे होते. का, ते विचारू नका... डोक्यात बसलं की बसलं.

आता खरी चोरी कबूल करतो. संगीताला, म्हणजे बायकोला, तिन्ही वर्षं मी 'जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे' असं सांगून जात होतो. ती बिचारी पहाटे उठून डबा भरून द्यायची. यंदा आयोजकांनी नियम काढला की घरच्या माणसाने समक्ष येऊन फॉर्मवर सही करायची. झाली पंचाईत! आदल्या दिवशी तिला सांगितलं, तेही अर्धवटच... 'थोडी पळवायची असते' एवढंच.

फॉर्म होता इंग्रजीत. संगीता नोंदणीच्या टेबलापाशी बसलेल्या मुलीला म्हणाली, "ताई, मराठीत सांगा बरं काय लिव्हलंय." पोरगी चांगली होती, एकेक ओळ समजावून सांगत गेली. 'गंभीर इजा किंवा मृत्यू झाल्यास' इथे आली आणि अडखळली. मी माझ्या बुटांकडे बघत राहिलो.

संगीताने फॉर्म स्वतःकडे ओढून घेतला. भांडली असती तर परवडलं असतं. तिने सही केली नसती, तर गाडी पिकअपमध्ये चढवून गुपचूप घरी यायचं, दुसरा इलाजच नव्हता.

मग तिने विचारलं, "गाडी थांबती कुठं?" मी हात करून लांबचं टोक दाखवलं. "तिथं कोन असतं?" म्हटलं, बाळूभाऊ पिकअप घेऊन थांबतात, गाडी परत आणायला. "मग मी बी तिथंच थांबते," म्हणाली आणि पूर्ण नाव लिहून सही केली.

पहिली बारी. गाडी काय सुटली म्हणून सांगू! मी हनुवटी टाकीला लावून आडवा. खांब दिसायला लागले... आणि त्यांच्या पलीकडे, पिकअपशेजारी, हिरवी साडी. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून ती माझ्याकडे बघत उभी. खांब यायच्या आधीच माझ्या हाताने ॲक्सिलरेटर सोडला. मी ठरवून नाही सोडला, हातानेच सोडला.

एकशे चौतीस.

परत येताना पिकअपमध्ये तिघे दाटीवाटीने बसलो होतो. संगीता म्हणाली, "मला बघून मूठ सोडली ना?" मी म्हटलं, नाही गं, इंजिन तापलं होतं. तेवढ्यात बाळूभाऊंनी घोळ घातला, "इंजनाला काय धाड भरलीय वहिनी, आवाज लई झकास हुता."

मग मात्र ती बोलली. "तीन वर्षं माझ्याशी खोटं बोलून पळिवली, आन आज मी आले तर आर्धी सोडता व्हय? आता सोडायची न्हाई." चांगलीच चिडली होती. पण बोलता बोलता माझ्या सूटची गळ्यापाशी उघडी राहिलेली चेन वर ओढत होती.

दुसरी बारी. खांब दिसले, पिकअप दिसली... हिरवी साडी कुठेच नव्हती. तरी मूठ पिळलेलीच ठेवली, आणि खांब मागे गेले.

गाडी थांबवून बाळूभाऊंना विचारलं, ही कुठंय? त्यांनी पिकअपच्या मागे बोट दाखवलं. संगीता तिथे धावपट्टीकडे पाठ करून, पलीकडच्या उसाकडे तोंड करून उभी होती. पदर मुठीत घट्ट धरलेला.

"झालं?" तिने मागे न वळताच विचारलं. झालं, म्हटलं. तेव्हा वळली. "बघत बसले आसते तर पुढं पळत आले आसते. मग परत सोडली आसती तुमी." एवढं बोलली आणि रडायला लागली.

लेदर सूट घातलेल्या माणसाला धड मिठी मारता येत नाही, फार कडक असतो तो. आम्ही कशीबशी मारली. बाळूभाऊ उगाचच टायर तपासायला लागले.

एकशे एक्केचाळीस लागले. कागद मिळाला, खूप आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण इतकी वर्षं मी स्वतःला सांगत होतो की तिला काळजी नको, म्हणून लपवतोय... ते काही खरं नव्हतं. ती 'नको' म्हणाली तर काय, ही भीती होती मला. आणि ती बाई बघायला म्हणून आली, अन् माझ्यासाठी न बघता उभी राहिली. ते चाळीस सेकंद तिने कसे काढले असतील, ते तिचं तिला माहीत.

तोंडावर म्हणायला जमलं नाही, म्हणून इथे लिहितोय. ती वाचेलच...

संगीता, चुकलो गं.