हौसेरावांनी सांगितलेला न्याय

हौसेराव भांबळ बेलापूरच्या एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि नेरूळच्या आपल्या घरात दर रविवारी प्रार्थनासभा घेऊ लागले. मूळचे नगरकडचे, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर. एरवी हळू बोलणारा माणूस, पण बायबलमधल्या संदेष्ट्यांची वचनं काढली की आवाज चढायचा. बाबेल, सोर, मवाब... कुठल्या राष्ट्राला देवानं का धुळीला मिळवलं, ते ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभं करायचे. मग आजच्या बातम्यांवर यायचे. आखाताकडच्या एका देशाबद्दल तर त्यांची खात्रीच होती. "त्याचा न्याय ठरलाय," ते म्हणायचे, "आपण फक्त बघायचं."

त्याच देशात त्यांची मुलगी संध्या नर्स होती. परत ये, म्हणून त्यांनी तिला कितीदा तरी सांगितलं. ती हसण्यावारी न्यायची. "पप्पा, इथली माणसं चांगली आहेत हो."

मागच्या वर्षी तिथं बॉम्ब पडायला लागले. घरात कुणाला घास गिळवेना. मग संध्याचा मेसेज आला, मी ठीक आहे, आणि हौसेरावांच्या जिवात जीव आला. त्या रविवारी हॉल भरून माणसं पॅसेजमध्ये उभी होती. सभेतला विपुल नावाचा तरुण सभेच्या ग्रुपवर टाकायला मोबाइलवर व्हिडिओ घेत होता.

"वर्षानुवर्षं मी काय सांगत होतो?" हौसेराव गरजले. "प्रभूनं आपला शब्द पाळला!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांची बायको गोजरा तेवढी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

दोन-तीन दिवसांनी संध्याचा फोन आला.

"पप्पा, तुमचा व्हिडिओ बघितला. ढिगाऱ्यातून आणलेली लेकरं पुसून कपड्यात गुंडाळत होते मी. गेलेली लेकरं. जरा बसले, फोन उघडला, तर तुम्ही हसताय."

"अगं, मी हसत नव्हतो. मी वचन सांगत..."

"हसत होतात. एका पोरीच्या पायात एकच मोजा होता, पप्पा. तिचा कसला न्याय झाला, ते विचारा तुमच्या देवाला."

फोन बंद झाला. हौसेरावांनी तो व्हिडिओ लावला. ते खरंच हसत होते.

मग त्यांनी पवित्र शास्त्र उघडलं. मवाबाच्या नाशावर ते अनेकदा बोलले होते. पण नाशाची वार्ता सांगता सांगता संदेष्टा त्या परक्या देशासाठी स्वतःच आक्रोश करतो, त्या ओळी त्यांनी सभेत कधी वाचल्याच नव्हत्या. पुढच्या रविवारी त्या वाचायला घेतल्या आणि मध्येच पुस्तक मिटलं.

"आज एवढंच," ते म्हणाले. "त्या लोकांसाठी रडा."

कुणी रडलं नाही. सभा संपल्यावर विपुल जवळ आला. "काका, टेन्शन घेऊ नका. पण पब्लिक भविष्य ऐकायला येते ना. पुढचा नंबर कुणाचा, ते सांगा."

"नंबर?" हौसेरावांचा आवाज चिरकला. "रेशनच्या रांगेत उभा आहेस का रे तू?"

विपुलनं करंजाडेला स्वतःची सभा सुरू केली. हळूहळू सगळे तिकडे गेले.

युद्ध थांबलं. संध्या परत आली नाही. आईशी बोलायची, हौसेराव शेजारी बसून ऐकायचे. नाताळच्या दिवशी त्यांनी फोन मागून घेतला.

"संध्या, माझं चुकलं."

"हो," ती म्हणाली. "मम्मीला द्या."

हल्ली रविवारी नवराबायको दोघंच बसतात. वाचतात गोजराबाई. मध्येच एखाद्या राष्ट्राचं नाव येतं, तेव्हा हौसेराव हात वर करतात. "थांब जरा," म्हणतात. त्या थांबतात. काही वेळा त्या दिवशीचं वाचन तिथंच संपतं.