फिरत्या पुलापलीकडे

आई नागपूरहून आमच्याकडे परदेशात, कनाटा या गावी आली, त्या उन्हाळ्यात मी तिच्यावर पाळत ठेवायला लागले होते. एकदा तिने रिकामं पातेलं स्टोव्हवर तापत ठेवलं. एकदा बेसमेंटमध्ये आपण कशाला आलो ते आठवेना म्हणून पायरीवरच बसून राहिली. फोनवर दादाला मी म्हटलं, "जेट लॅग असेल." तेव्हा तिला येऊन दोन महिने झाले होते.

जूनमध्ये एक दिवस सुट्टी टाकून मी तिला जुना कालवा दाखवायला नेलं. तासाभराच्या अंतरावर एक लहानसं गाव आहे. तिथे दोन्ही टोकांना लाकडी दारं असलेला मोठा दगडी हौद आहे. बोट आत घेतात, दारं लावतात आणि पाणी भरून किंवा सोडून तिला वरखाली करतात. दारं अजून हातानेच, लोखंडी रहाट फिरवून उघडतात. शेजारी कालव्यावर लाकडी पूल आहे. बोट आली की कर्मचारी लांब दांडा ढकलत तो अख्खा पूल बाजूला फिरवतात. पलीकडे पडक्या गिरणीच्या भिंती आणि दगडी बंधारा. त्यावरून कोसळणाऱ्या पाण्याचा आवाज अलीकडच्या काठावरही ऐकू येत होता.

आई बाकावर बसून सगळं मन लावून बघत होती.

"मी वॉशरूमला जाऊन येते. इथून हलू नकोस," मी म्हटलं.

"मी काय लहान आहे?" ती हसली.

परत आले तर बाकावर नुसता तिचा स्वेटर.

मी आधी पाण्यात पाहिलं. हौदात दोन बोटी हळूहळू खाली जात होत्या आणि भिंतींच्या ओल्या दगडांवरून पाणी ओघळत होतं. मग पलीकडे लक्ष गेलं. निळी साडी, पाठमोरी, गिरणीच्या दिशेने चाललेली.

"आई!"

तिने वळून पाहिलं नाही. मी पुलाकडे धावले तर पूल फिरवायला सुरुवात झाली होती. माझ्या समोरचं टोक काठापासून सुटलं आणि मधे पाणी दिसायला लागलं. दांडा ढकलणाऱ्या मुलीला मी ओरडून सांगितलं, की माझी आई पलीकडे आहे, तिला नीट आठवत नाही. हे वाक्य मी पहिल्यांदाच कुणापुढे बोलले होते. बोट अगदी जवळ आली होती. "ही एवढी जाऊ द्या, लगेच पूल लावते," ती म्हणाली आणि तिने पलीकडच्या सहकाऱ्याला हाक मारली. तो गिरणीकडे पळाला.

बोटीवरच्या म्हाताऱ्या जोडप्याने मला हात केला. मीही केला, का ते कळलं नाही. बोटीने समोरचा काठ झाकला आणि ती सरकली तेव्हा निळी साडी कुठेच नव्हती.

पूल जागेवर बसताच मी धावत सुटले. गिरणीच्या भिंतीला वळसा घातला तर बंधाऱ्याखालच्या दगडी पायऱ्यांवर आई बसली होती, पाय पाण्यात, चपला शेजारी नीट ठेवलेल्या. तो कर्मचारी दोन पायऱ्या वर उभा होता. ती घाबरू नये म्हणून तो जवळ जात नव्हता.

मी खाली उतरून तिचा दंड घट्ट धरला. तिने मान वर केली. चेहरा उजळलेला.

"ताई, किती उशीर केलास! पाणी बघ किती गार आहे. पण घरी नको सांगू हं."

ताई म्हणजे माझी मावशी. पवनीला वैनगंगेच्या घाटावर दोघी बहिणी चोरून पोहायला जायच्या, हे आईकडूनच ऐकलेलं. मावशी जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

"नाही सांगत," मी म्हटलं. "चल, ऊठ आता."

पुलावरून येताना तिने माझा हात सोडला नाही. गाडीत बसल्यावर बेल्ट लावता लावता ती थांबली.

"मघाशी मी तुला काय म्हटलं?"

खोटं बोलता आलं असतं. "ताई म्हणालीस."

तिने हातातला बेल्ट सोडून दिला. "मला काहीतरी होतंय, नाही का गं? नागपूरलाही व्हायचं. दुकानातून घरी यायचा रस्ताच आठवायचा नाही. तुम्हाला काळजी नको म्हणून बोलले नाही."

"मीही नाही बोलले."

"भीती वाटते मला."

मी गाडी सुरूच करू शकले नाही.

घरी आल्यावर दादाला फोन लावायला तिनेच सांगितलं. "मी विसरायला लागले आहे," ती त्याला शांतपणे म्हणाली. "इथे डॉक्टरला दाखवतो आहोत." "ऐकतोयस ना?" तिने दोनदा विचारलं.

तपासण्या झाल्या. मला वाटत होतं तेच निघालं, स्मृतिभ्रंश. आता औषधं चालू आहेत आणि घराच्या दाराला ते उघडताच वाजणारी घंटी बसवली आहे. दिवसभर एक बाई सोबतीला असते. चांगल्या दिवशी आई मी केलेल्या कुकीज हसत, नावं ठेवत खाते. तरी ऑफिसमध्ये मीटिंग चालू असताना घरचा नंबर दिसला, की मी फोन उचलण्याआधीच खुर्चीवरून उठलेली असते.