दाक्तरबायचे माड

कार्तिक उजाडायला आला की इब्रामपुरात नदीवरचं धुकं थेट गोठ्यापर्यंत येतं. त्या सकाळीही म्हशी आधी श्वासानेच कळत होत्या, डोळ्यांना मागाहून. शेवंतीनं शेण काढलं, मोगरीच्या पायाशी बसून तिची कास कोमट पाण्यानं पुसली आणि धार काढायला घेतली. हात चालत होते, पण लक्ष नव्हतं. मोगरीला ते कळलं. तिनं पाय झाडला.

"व्हय गो, कळला माका," शेवंती म्हणाली. "आज म्हापशाक जावचा आसा. तू तरी नीट र्‍हंव."

आदल्या दिवशी दूध संस्थेत कुणीतरी पेपर वाचून दाखवला होता. डॉक्टर सुमंगला पाटील, बेळगावकडच्या. जनावरांच्या डॉक्टरांची कसली तरी जगभरची संघटना आहे, तिनं त्यांचा परदेशात मोठा मान केला. वीटभट्टीवरची गाढवं, गाडीचे बैल, घोडे, असल्या राबत्या जनावरांसाठी देशोदेशी काम केलं म्हणून. आणि आता म्हापशाच्या हॉलात त्यांचा सत्कार होता, कारण त्यांची पहिली नोकरी पेडण्यातली.

पेपरात 'पेडण्यातली' एवढंच होतं. इब्रामपूर नव्हतं. शेवंतीनं दोनदा वाचायला लावलं.

ती नोकरी भाषेच्या आंदोलनाच्या दिवसांतली. मराठी की कोंकणी यावरून सगळा गोवा पेटला होता. रस्त्यांवर झाडं आडवी पडलेली, बसगाड्या बंद. नेमकी तेव्हाच शेवंतीच्या बापाची, विठूची, म्हैस अडली. सकाळपासून कळा देऊन ती मान टाकून पडली होती. निरोप पोचेल याची कुणाला आशा नव्हती. दुपारी चांदेलच्या वाटेनं एक मुलगी बॅग खांद्यावर घेऊन, पडलेली झाडं ओलांडत चालत आली. केसात पालापाचोळा, पायात एकच चप्पल.

शेवंतीचा भाऊ कृष्णनाथ हसलाच. "दाक्तर धाडूक सांगलेला. हे हातभर पोर म्हशीत हात घालतला?"

"हात लहान हाय म्हणूनच आत जाईल की हो," ती म्हणाली. "तुमचा गेला असता तर मला बोलावलं असतंय कशाला? साबण आणा."

म्हशीचं तोंड धरायला शेवंती बसली, मागे दाक्तरबाय. मध्ये अख्खी म्हैस. दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नाही, आवाजच तेवढे ऐकले. "बोल तिच्याशी, बोलत राहा," पलीकडून हुकूम यायचा. आणि शेवंती बोलत राहिली. म्हशीला लाडीगोडी लावली, शिव्या दिल्या, तिच्या माहेरची आठवण काढली, धालोच्या खेळात बायका म्हणतात त्या ओव्यासुद्धा म्हटल्या. रेडकाचा एक पाय मागे दुमडलेला होता. तो सरळ करून, दोर लावून, कळेबरोबर ओढत ओढत दाक्तरबायनं रेडकू बाहेर काढलं. जिवंत. रेडी होती. तीच या मोगरीची आजी.

हात धुताना दाक्तरबाय म्हणाली, "तुझं बोलणं मला अर्धं कळालं नाही बघ. म्हशीला समदं कळालं."

त्यानंतर वर्षभर ती जिथं जिथं आसपास येई, तिथं शेवंती बरोबर असे. लोक म्हणत, दाक्तरबायची सावली. एकदा दाक्तरबायनं सांगितलंही, "चल माझ्यासंगं. ढोरांचं शिकशील, नोकरी लागेल." शेवंतीचं मन उडी घेऊन उभं राहिलं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच: "आणि आमची म्हसरां कोण बघतलो?" दाक्तरबायनं पुन्हा विचारलं नाही. ती पुन्हा विचारील, म्हणून शेवंती पुष्कळ दिवस वाट बघत होती.

गोवा राज्य झालं, त्या साली दिवाळीत गोरवांचा पाडवा आला. त्या दिवशी इथं गुरावासरांना न्हाऊ घालतात, शिंगांना काव लावतात, गळ्यात फुलांच्या माळा आणि तांदळाचे पोळे बांधतात, आणि गावच्या राखणदार देवाच्या सातविणीच्या झाडाखाली नेऊन गाऱ्हाणं घालतात. विठूनं हात जोडले आणि नेहमीचं गाऱ्हाणं संपता संपता पुढं रेटलं:

"आणि म्हाराजा, जी दाक्तरबाय तुझ्या गोरवांक हात देता, तिच्या हाताक येस दी. ती खंयय आसली तरी तिच्या पायाक काटो मोडूक दिव नको!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

ज्याचं नाव गाऱ्हाण्यात येतं त्याच्या मानाचा नारळ सातविणीखाली ठेवतात. तो त्यानं स्वतः येऊन घ्यायचा. दुसऱ्यानं फोडायचा नाही. दाक्तरबाय त्या दिवशी कोरगावला कुणाच्या तरी गायीपाशी अडकली. "पुढच्या पाडव्याला नक्की," तिनं सांगितलं. पुढच्या पाडव्याआधीच ती शिकायला परदेशी गेली.

नारळ राहिला. विठूनं तो परड्याच्या कडेला लावला. पुढच्या वर्षी पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा नारळ, त्याच्याशेजारी पुन्हा खड्डा. विठू गेला, कृष्णनाथ गाऱ्हाणं घालू लागला, पण एकदा गाऱ्हाण्यात शिरलेलं नाव कोण काढणार? माडांची रांग झाली. एका टोकाला घरापेक्षा उंच, दुसऱ्या टोकाला गुडघ्याएवढा. कृष्णनाथची सेजल लहान असताना रांगेला हात जोडायची. "आत्या, दाक्तरबाय म्हणजे खंयची देवी गो?"

यंदाच्या पाडणीत पहिल्या माडाचा पहिला नारळ उतरला होता. शेवंतीनं तो पिशवीत घातला.

"मानाचो तो," कृष्णनाथ म्हणाला. "घराभायर देवचो नसता. पण तू कोणाचा ऐकतलंय?"

"तू गाऱ्हाण्यापुरतो बोल," शेवंती म्हणाली आणि बसला गेली.

हॉलात गर्दी होती. भाषणं झाली, काही मराठीत, काही कोंकणीत, आणि कोणती जास्त झाली यावर मागच्या रांगेत कुजबुज. मंचावर दाक्तरबाय. केस पांढरे, चष्मा, अंगावर शालीवर शाल. शेजारच्या टेबलावर श्रीफळांचा ढीग. शेवंती ओळीत उभी राहिली. तिची पाळी आली तशी एका स्वयंसेवकानं तिच्या हातातला नारळ सराईतपणे काढून घेतला आणि ढिगावर ठेवला.

"अरे, थंय नको तो!" शेवंती ओरडली. "हाड हांगा! मेल्या, तो तसलो नारळ न्हय!"

हॉल हसला. दाक्तरबाय मात्र हसली नाही. दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होती, ती थांबली. मान न वळवता, जणू मध्ये म्हैस असल्यासारखी, ऐकत राहिली.

"शेवंती?"

दाक्तरबायनं शाली बाजूला टाकल्या, तिला हाताला धरून पायऱ्यांवर बसवलं. मग शेवंती बोलत सुटली. सातवीण, गाऱ्हाणं, माड, सेजलची देवी.

"माझं नाव घेतासा? अजून?"

"नाव नाय घेत. दाक्तरबाय म्हणतंव."

दाक्तरबायनं चष्मा काढला. बराच वेळ पुसत राहिली. मग हात पुढे केला. "दे की मग माझा नारळ."

शेवंतीनं ढिगावरचा आपला नारळ उचलला. याच क्षणासाठी तर ती एवढी वाट तुडवून आली होती. पण शेजारी तो ढीग दिसत होता. आणि हा एकदा दिला की पाडव्याला गाऱ्हाणं झाल्यावर, सगळे नारळ न्यायला वाकल्यावर, चांदेलच्या वाटेकडं बघायचं कशाला?

"हांगा नाय," ती हळूच म्हणाली. "सातविणीखाली येऊन घेवक व्हयो."

"परवाचं विमान हाय गं."

"आसां दी."

"माड किती झालेत?"

"येऊन मोज."

दाक्तरबाय हसली, तेव्हा हसायची तशी. तिनं शेवंतीच्या हातातून नारळ घेतला, कानाशी धरून हलवला. आतलं पाणी ऐकलं. एकदा, पुन्हा एकदा. मग शेवंतीच्या ओंजळीत ठेवला. "ठेव जपून," ती म्हणाली. तेवढ्यात कुणीतरी गाडी लागल्याचं सांगायला आलं.

शेवंती घरी पोचली तेव्हा उन्हं माडांच्या शेंड्यांवर गेली होती. सेजल दारातच उभी.

"आत्या, गावली? येतली ती?"

शेवंतीनं पिशवी खुंटीला लावली. रांगेच्या शेवटी, गुडघ्याएवढ्या रोपापलीकडची, पुढच्या खड्ड्याची जागा तिनं नुसती नजरेनं पाहिली. गोठ्यात मोगरी हंबरली, पुन्हा हंबरली.

"कोमट पाणी हाड गो," ती पदर खोचत म्हणाली. "कास भरली तिची."