कॅपो लावला, तरी सूर खालीच

भूत, आत्मा, संकेत वगैरेंवर माझा विश्वास नव्हता. आजही नाही. इथे लोक लिहितात ते 'अमानवीय' अनुभव मी चहा पिताना वाचते आणि मनातल्या मनात दुरुस्त करत जाते – खिडकी उघडी राहिली असेल, वायर सैल असेल. माझा अनुभव कुणी तसा दुरुस्त करून दिला तर रागावणार नाही... उपकारच होतील.

आम्ही खडकीचे. वडील दारूगोळा कारखान्यात होते, क्वार्टर्समध्येच वाढलो. धाकटा भाऊ प्रदीप पुढे हडपसरला राहायला गेला. नोकरी सांभाळून गाणी बांधायचा. आवाज फार खालचा. साध्या गिटारवर गायचं तर एकतर त्याला ओरडावं लागायचं, नाहीतर तारा सैल कराव्या लागायच्या. आणि सैल तारा नुसत्या फडफडतात. शेवटी त्याने लांब मानेची गिटार घेतली. बॅरिटोन म्हणतात तिला. तार लांब आणि जाड, त्यामुळे सूर बराच खाली लावला तरी ती ताणलेली राहते. मला संगीतातलं कळत नाही, पण फरक कानाला कळायचा. साधी गिटार खळखळते. ही बोलायची – शेजारच्या खोलीत घरातलं मोठं माणूस सावकाश बोलत असावं, तशी. भराभर वाजवली की सगळं गढूळ. एकेक तार छेडायची आणि थांबायचं. प्रदीपला थांबता यायचं.

तिच्यावर त्याने वडिलांचं गाणं बांधलं. कारखान्याचा भोंगा, सायकल, हातांचा न जाणारा वास. घरात सगळ्यांनी ऐकलं होतं. रेकॉर्डिंग मात्र नाही... "अजून पक्कं नाही झालं, ताई," म्हणत राहिला.

विनोद त्याचा कॉलेजपासूनचा मित्र. कार्यक्रम दोघं मिळून करायचे. विनोदचा आवाज उंच, चेहरा बरा. हळूहळू पोस्टरवर एकटा विनोद उरला आणि प्रदीप 'साथीला' झाला.

मागच्या वर्षी प्रदीप हार्ट अटॅकने गेला. पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम खडकीतल्याच एका हॉलमध्ये, सकाळी ठेवला. भंतेजींना निमंत्रण, पांढरी फुलं, खुर्च्या, जेवण – सगळं माझ्याकडे. नेहमीच असतं. वडिलांचं गाणं व्हावं, ही प्रदीपच्या बायकोची, संगीताची, इच्छा. ते पूर्ण येत होतं फक्त विनोदला. तिने एकच अट घातली.

"शब्द आणि चाल ह्यांची आहे, एवढं आधी सांगा. आमच्या पोरीला ते सगळ्यांसमोर ऐकू दे."

"वहिनी, हे काय सांगायला पाहिजे का?" विनोद म्हणाला.

कार्यक्रमासाठी प्रदीपची गिटार माझ्याकडे आणून ठेवली होती; आदल्या दिवशी तो ती बघायला आला. खालचा सूर त्याला झेपेना, म्हणून मानेवर पाचव्या पट्टीत कॅपो लावला. कॅपो म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा. तार तेवढी आखूड होते, सूर चढतो. चढला. साध्या गिटारीइतका. अर्धं गाणं गाऊन, चहा पिऊन तो गेला. गिटार मी कपाटात ठेवली, किल्ली पर्समध्ये.

दुसऱ्या दिवशी बुद्धवंदना झाली, श्रद्धांजलीची भाषणं झाली. विनोद माइकसमोर बसला, कॅपो लावला. मी पहिल्या रांगेत होते – पाचवीच पट्टी. मग म्हणाला, "हे आमचं गाणं. म्हणजे... चाल मी बांधली, प्रदीपची साथ होती. आज त्याच्यासाठी."

संगीताने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

विनोदने तार छेडली. सूर खाली! प्रदीपचा, तळातला.

तो कसनुसा हसला. कॅपो काढून पुन्हा लावला. तोच सूर. काढून वाजवलं, तोच. लावून वाजवलं, तोच. चिमटा असून नसल्यासारखा. "तारा सैल पडल्यात," तो माइकमध्ये म्हणाला. सैल तारा फडफडतात. ह्या स्वच्छ वाजत होत्या.

तसाच गायला लागला. दुसऱ्या ओळीला आवाज संपला, नुसती हवा आली. गिटार तेवढी हॉलभर घुमत राहिली.

संगीता जागेवरूनच म्हणाली, "विनोदभाऊ, चाल तुमचीच ना? मग गळ्याला परकी का वाटतीये?"

मागे कुणीतरी हसलं. विनोदने गिटार माझ्या हातात दिली. "ओल लागलीये हिला, ताई. नीट ठेवत जा." जेवायलाही थांबला नाही.

दुपारी घरी येऊन मी स्वतः कॅपो लावला. सूर चढला. निमूटपणे.

शनिवार पेठेत गिटारचे क्लास घेणारे एक सर आहेत, त्यांना सगळं दाखवलं. म्हणाले, "तार आखूड झाली की सूर चढणारच. दुसरं काही होऊच शकत नाही. तुमच्या ऐकण्यात चूक झाली असेल."

"अख्ख्या हॉलच्या?"

"मॅडम, माझ्या क्लासची वेळ झालीये."

मला वाटलं होतं, निदान त्या दिवशी निकाल लागला. कसला निकाल! काही महिन्यांतच गाणं यूट्यूबवर आलं. शब्द, चाल, आवाज – सगळीकडे विनोद. साधी गिटार, उंच, भरभर, खळखळणारी. भोंग्याच्या ओळीला तो चक्क हसतो. त्या दिवशी हॉलमध्ये बसलेल्या नातेवाइकांनीच मला ते पाठवलं, खाली बदाम आणि जोडलेले हात. भाचीने विचारलं, "आत्या, हे पप्पांचं आहे ना?" हो म्हटलं. आणखी काय पुरावा दाखवणार होते तिला?

गिटार माझ्याकडेच आहे. त्या सकाळी तिला काय झालं, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. विनोद असा का वागला, याचं आहे – पण त्यात अमानवीय असं काहीच नाही.