एका पेशीतले तीन मणी

मंगळवारी सकाळी साडेअकराला लातूरच्या दवाखान्यात रंजना वारली. रंजना म्हणजे माझी बायको.

आता सांगणार आहे तसल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. आमचं घर बौद्ध. कुणी भुताखेताचं नाव काढलं की आई म्हणायची, "ते मागं सोडून आलोत आपण." तरीही लिहितो आहे... कारण मोजमाप माझ्या हातचं आहे.

नांदेडला आम्ही दोघं एकाच प्रयोगशाळेत होतो. रंजना जिवंत पेशींना अतिसूक्ष्म मणी खाऊ घालायची. हा मणी म्हणजे लेझरच — बाहेरून प्रकाशाचा ठोका दिला की तो पेशीच्या आतून स्वतःचा प्रकाश परत पाठवतो आणि पडद्यावर रेषा उमटतात. आकारात किंचित फरक असला तरी रेषा बदलतात, म्हणून प्रत्येक मणी वेगळा ओळखता येतो. त्या रेषा मोजणं हे माझं काम.

रंजनाचं माहेर किनवट. मण्यांना ती क्रमांकांऐवजी माहेरच्या वाटेवरच्या स्टेशनांची नावं द्यायची. एकदा एकाच पेशीनं तीन मणी गिळले. वहीत हिमायतनगर, भोकर, मुदखेड अशी नोंद झाली.

"पेशी दुभंगली की कोण कुठल्या डब्यात जातंय ते बघायचंय मला," ती म्हणाली. "तुम्ही नुसते टीसी. तपासायचं अन् गप बसायचं."

तिच्या प्रबंधातली तेवढी एकच ओळ भरायची राहिली होती. त्याच आठवड्यात तिला ताप आला. मी तिला लातूरला घरी नेलं.

जलदान विधी आटोपून परतलो, तेव्हा प्रयोगशाळेत रंजनाच्या काचेच्या डिशमधल्या पेशी मेलेल्या होत्या. त्यांचं खाद्य दर दोन दिवसांनी बदलावं लागतं. पण झाकणावर रंजनाच्या अक्षरात लिहिलं होतं — विचारल्याशिवाय हात लावू नये. पेशींची खोली सांभाळणारे गजाननभाऊ खाली बघत उभे होते.

"रोज फोन हातात घेऊन राहिलो सर. पण मयताच्या घरी कामाचं कसं विचारावं?"

ती डिश ब्लीच टाकून मीच ओतून दिली.

दोन महिन्यांनी मण्यांची नवी बाटली, नव्या पेशी, नवी डिश. दुपारचे साडेतीन. एका पेशीत तीन मणी दिसले. ठोका दिला. रेषा ओळखीच्या वाटल्या म्हणून वही काढली. हिमायतनगर, भोकर, मुदखेड — तिन्ही जुळत होते, शेवटच्या दशांशापर्यंत. यंत्र तपासून पुन्हा मोजलं. तेच.

गजाननभाऊ पडद्याकडे बघत राहिले. "सर, हे परतीच्या गाडीनं आले का काय?" बोलून गेले आणि स्वतःच ओशाळले. मला मात्र हसू आलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी पेशी दुभंगली. हिमायतनगर आणि मुदखेड एकीकडे गेले, भोकर एकटा दुसरीकडे.

कोऱ्या ओळीला एवढंच हवं होतं. प्रबंध रंजनाच्या नावानं सादर व्हायचा होता. मी तिच्या मार्गदर्शक मॅडमना विचारलं, हे लिहू का? त्यांनी दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवून बराच वेळ पाहिले.

"रेषा त्याच आहेत. पण ही पेशी तिची नाही. तिची डिश तुम्हीच ओतलीत ना?"

"हो."

"मग?"

मी खूप शोधलं. जुना एखादा मणी कुठल्या नळीत अडकून राहू शकतो, हे मान्य. पण तेच तिन्ही, पुन्हा एकाच पेशीत कसे आले, हे ना मॅडम सांगू शकल्या, ना मी.

प्रबंध गेल्या आठवड्यात विद्यापीठात जमा झाला. त्यात एक ओळ कोरी आहे. नव्या डिशमधल्या पेशी जिवंत आहेत.