हापशावर धुतलेले पंप

आमच्या गावात बैलाला चुकून पाय लागला तर माणूस वाकून नमस्कार करतो. त्याच गावानं आमचा तांबडा मारला. कुणी विचारलं तर मी आजही असंच सांगते. मग घरातले म्हणतात, "आगं, आता गप की." गप बसायचं मला कधी जमलंच नाही.

ताडकळसच्या बाजाराला जाणाऱ्या जीपा आमच्या गावावरून जातात. गाव उतारावर वसलंय. वर मारुतीचा पार, पाराजवळ हापसा, तिथून गल्ली सरळ खाली ओढ्याला, आणि ओढ्याच्या तोंडाशी आमचं घर. गल्ली मातीची होती तेव्हा चिखलानं जीव बेजार व्हायचा, पण पावसाचं पाणी जागोजागी मुरायचं. मग सिमेंटचा रस्ता झाला, कडेनं नाली झाली, आणि काय तो लोकांचा आनंद! आता वर काहीही सांडा, एक सर आली की गल्ली चकाचक. शेण, गुटख्याच्या पुड्या, मोटारसायकलीचं काळं तेल, सगळं निघालं खाली. कुठं निघालं ते कुणी विचारायचं नाही.

कापसावर, सोयाबीनवर फवारण्या सुरू झाल्या की गडीमाणसं पाठीवरचा पंप घेऊन रानातून थेट हापशावर येतात. एकानं हापसायचं, दुसऱ्यानं विसळायचं. ते पांढरट, नाकात जाणारं पाणी नालीत. औषधाच्या बाटल्याही नालीतच. मी म्हणायची, "आवो, रानातच विसळा की. विसळल्यालं पाणी पिकावर मारा, तुमचंच औषध हाय ते." तर हसायचे. "वहिनी, वाहून जातंय की!" वाहून गेलं म्हणजे संपलं, असा यांचा हिशोब.

आम्ही बचत गटाच्या बायांनी ग्रामसभेत विषय काढला. हापशावर पंप धुवायचा नाही, बाटल्या रस्त्यावर टाकायच्या नाहीत, नालीच्या तोंडाला जाळी लावायची, आणि ओढ्याच्या अलीकडं दगडगोट्यांचा खड्डा करायचा, म्हणजे घाण तिथंच अडकून पाणी तेवढं पुढं जाईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाया बोलल्या की माना डोलवायच्या, चहा प्यायचा आणि उठायचं, ही आमच्याकडची रीत. खड्डा आम्हीच खांदला, जाळीही आम्हीच बसवली. पुड्यांनी जाळी तुंबली आणि एका पावसात पाणी शेजारच्या भावजींच्या अंगणात शिरलं. हात घालून कचरा काढला असता तर काय हात झिजले असते? पण त्यांनी जाळीच उपटून फेकली. खड्ड्यात घराचा राडारोडा आणून ओतला. वर मलाच म्हणाले, "वहिनी, नसती उठाठेव कशाला करायलाव?"

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, आणि माणूसही रानात कामाला जात नाही. म्हणून राहिलेली फवारणी आदल्या दिवशीच उरकायची सगळ्यांना घाई. त्या वर्षीही दुपारी हापशावर पंपांची रांग लागली. शेजारचे भावजी सगळ्यांत पुढं. नाली वरपासून खालपर्यंत पांढरी झाली. तेवढ्यात एक जोराची सर आली आणि होतं नव्हतं ते सगळं ओढ्यात घेऊन गेली.

आदल्या दिवशीच खांदेमळणी असते. बैल ओढ्यावर नेऊन धुवायचे आणि घरी आणून खांद्याला हळद-लोणी चोळायचं. मी आमच्या मालकाला म्हटलं, "आज घरीच धुवा. वरून काय आलंय ते दिसतंय न्हवं?" तर म्हणाले, "घरी धुतल्यालं काय न्हाणं हाय व्हय? तमाम गावाचे बैल वढ्याला चाललेत आन् आपले काय दावणीला? लोक हसतील."

लोक हसू नयेत म्हणून गेले.

आमच्या जोडीतला पांढरा बाजारातून आणलेला, बुजरा. पाण्याला तोंड लावायच्या आधी दहादा हुंगायचा. तांबडा मात्र आमच्याच गाईचा, आमच्याच दावणीला जन्मलेला, माझ्या हातची भाकरी खाऊन वाढलेला. त्याला कशाचाच धीर नसायचा. बाकीचे बैल खाली डोहात होते. हा पुलाच्या नळ्याशी, नालीचं पाणी जिथं ओढ्यात पडतं तिथंच, तोंड घालून पोटभर प्याला.

दिवेलागणीला जोडी घरी आली. मी दोघांच्या खांद्याला हळद-लोणी चोळलं, ओवाळलं आणि दरसाल म्हणते तसं म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." तांबड्याच्या तोंडातून लाळेची धार लागली होती. बघता बघता त्याचे पाय थरथरायला लागले आणि तो गुडघ्यावरच आला. जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. त्यानं डोळे बघितले आणि पहिलंच विचारलं, "पाणी कुठं पाजलं?" मालकानं पुलाच्या नळ्याकडं हात केला. इंजेक्शनं दिली, पण फवारणीचं औषध पोटात भिनलं होतं. उजाडायच्या आत तांबडा गेला.

पोळ्याच्या सकाळी अंगणात गाव गोळा झालं. शेजारचे भावजी म्हणाले, "पान लागलं आसंल. वढ्याला लय साप झालेत." विषबाधा आहे असं डॉक्टर तोंडानं सांगून गेला होता, तरी सगळ्यांनी तो साप झेलला. सापाला काय, ग्रामसभेत उभं करता येत नाही! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "भावजी, तो साप तुमच्या पंपातून निघाला का?" कुणीतरी म्हणालं, सणासुदीला नको. मालक म्हणाले, गप. तांबड्याला बांधावर पुरलं, आणि दुपारी वेशीवर हलग्या वाजायला लागल्या.

पांढऱ्यासाठी मी पुरण घातलं होतं. रडत रडतच घातलं. वेशीवरचं तोरण तुटून पोळा फुटल्यावर बैल घरोघर आले, आणि रीतीप्रमाणं भावजीही आपली जोडी घेऊन आमच्या दारात उभे राहिले. शिंगांना बेगड, अंगावर झूल. मुक्या जनावरांचा काय दोष? मी त्यांचे पाय धुतले, कुंकू लावलं, पुरणपोळी चारली. बैल जिभा काढून धापा टाकत होते.

मी म्हटलं, "भावजी, बैल तहानलेत. वढा समोरच हाय, पाणी पाजा की."

ते ओढ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "न्हाई, घरीच पाजतो."

"का वो? साप काय पाण्यात इख कालवतोय व्हय?"

भावजींनी कासरा ओढून बैल आपल्या अंगणात नेले. थोड्या वेळानं भिंतीपलीकडं त्यांच्या बोअरची मोटार चालू झाली.